यंत्राने घेतलेले यंत्राचे सोंग
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



पूर्वी गावात बहुरूपी येत असे. आज फौजदार, उद्या वैदू, परवा सासरहून पळून आलेली सून. त्याची वेशभूषा साधीच असे. खाकी डगला जुना असे आणि पट्ट्याचे बक्कल दुसऱ्याच कशाचे तरी असे. तरी घटकाभर गाव दचके, कारण फौजदाराला जो प्रश्न विचारावा त्याचे उत्तर तो फौजदाराच्याच तोऱ्यात देई. गावातली खट्याळ पोरे त्याला नेमके आडवे प्रश्न विचारून पाहत. सोंग टिकले की नाही, हे कपड्यांवरून नव्हे, त्या उत्तरांवरून ठरे.

संगणकाच्या जगात इम्युलेटर नावाची जी आज्ञावली आहे, ती असा बहुरूपी होय. टेबलावरचा आजचा संगणक तिच्या योगे तीस, चाळीस, पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या यंत्राचे सोंग घेतो. त्या जुन्या यंत्रासाठी लिहिलेला खेळ किंवा हिशेबाचा कार्यक्रम त्याला प्रश्न विचारीत राहतो. अमुक बेरीज कर, अमुक घरातला आकडा आण, पडद्यावर अमुक ठिपका उमटव. प्रत्येक प्रश्नाला जुने यंत्र जे उत्तर देते, तेच उत्तर आले पाहिजे. जुने यंत्र जिथे चुकत असे, तिथे सोंगानेही चुकले पाहिजे. ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे.

या कलेची एक कथा चेन्नईत घडते. मद्रासची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने स्थापन झाली. गिंडीच्या रानात, हरणांच्या आणि वडांच्या सोबतीत वसलेल्या या संस्थेला १९७३ साली जर्मन मदतीतूनच आयबीएमचा ३७०/१५५ हा संगणक मिळाला. भारतातील शिक्षणसंस्थांमध्ये त्या काळी एवढे सामर्थ्यवान यंत्र दुर्मीळ होते. या नमुन्याच्या यंत्राला २५६ किलोबाइटपासून दोन मेगाबाइटपर्यंत स्मृती बसवता येई आणि ती स्मृती म्हणजे तारांत ओवलेली लोहचुंबकीय कडी असत. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही अनेकदा त्या सगळ्या स्मृतीत मावणार नाही. या तुलनेने हसू येते खरे, पण तिच्यातून त्या यंत्राविषयी काहीच कळत नाही. ते कळण्यासाठी त्या यंत्रावर काम कसे चाले, हे पाहावे लागते.

काम चाले ते कार्डांवर. पोस्टकार्डाहून लांबट अशा जाड कागदाच्या कार्डावर ऐंशी उभे स्तंभ असत आणि कार्ड टोचणाऱ्या यंत्रापुढे बसून विद्यार्थी एकेका स्तंभात भोके पाडी. एक कार्ड म्हणजे कार्यक्रमाची एक ओळ. फोर्ट्रान भाषेत पहिले पाच स्तंभ ओळीच्या क्रमांकासाठी राखलेले असत, सहावा मागली ओळ पुढे चालू असल्याची खूण करण्यासाठी, आणि मजकूर सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत. उरलेल्या आठ स्तंभांकडे यंत्र पाहतच नसे. त्यांत कार्डांचा अनुक्रम टोचून ठेवावा अशी रीत होती. ती कशासाठी, हे ज्याच्या हातून तीनशे कार्डांची गड्डी जिन्यावर सांडली त्याला विचारावे. गड्डी खिडकीत द्यायची, आपली पाळी येण्याची वाट पाहायची आणि मग रुंद कागदावर छापलेला निकाल न्यायचा. एक स्वल्पविराम चुकला असेल तर निकालाच्या जागी चुकीचा संदेश मिळे, आणि पुन्हा तीच खिडकी, तीच रांग. त्यामुळे यंत्रापाशी जाण्यापूर्वी कार्यक्रम मनात आणि कागदावर दहा वेळा चालवून पाहण्याची सवय त्या पिढीला लागली. पुढे इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक झालेले क्रिस गोपालकृष्णन १९७९ साली याच संस्थेतून संगणकशास्त्राचे एम.टेक. होऊन बाहेर पडले.

दरम्यान खुद्द आयबीएम कंपनीच भारतातून गेली. विदेशी कंपन्यांनी आपले भागभांडवल कमी करावे, ही परकीय चलन नियमन कायद्याची अट तिने मान्य केली नाही आणि १९७८ साली तिने आपला येथील व्यवहार आवरला. देशभर विखुरलेल्या तिच्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली. ज्याचे निर्माते निघून गेले ते यंत्र चालते ठेवायचे, तर त्याच्या अंतरंगाचे ज्ञान आपल्याकडे हवे, हे त्या वेळी अनेक भारतीय अभियंत्यांनी हात काळे करून शिकून घेतले. इम्युलेटर लिहिणाऱ्यालाही पुढे तेच शिकावे लागले. फक्त त्याच्यासमोर यंत्र नव्हते, यंत्राची पुस्तके होती.

१९९९ साली रॉजर बोलर या ब्रिटिश प्रोग्रामरने ‘हर्क्युलीझ’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. सर्वसाधारण घरगुती संगणकावर ती आयबीएमच्या ३७० घराण्यातील यंत्राचे सोंग घेते. ती काय करते, हे एका उदाहरणाने सांगता येईल. ३७० यंत्रात आकडे तात्पुरते धरून ठेवण्याची सोळा घरे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. यंत्राच्या भाषेत ‘१ए ३४’ एवढे लिहिले असेल तर त्याचा अर्थ, चौथ्या घरातली संख्या तिसऱ्या घरातल्या संख्येत मिळव. खऱ्या यंत्रात ही बेरीज विजेच्या जोडण्या करीत. हर्क्युलीझमध्ये आजच्या संगणकाच्या स्मृतीत सोळा चौकटी आखलेल्या असतात. आज्ञावली ‘१ए’ वाचते, तो कोणत्या आज्ञेचा संकेत आहे हे तक्त्यात शोधते, तिसऱ्या आणि चौथ्या चौकटींतील संख्यांची बेरीज करते, तिसऱ्या चौकटीत ठेवते, बेरीज शून्य आली की ऋण आली याची जुन्या यंत्रासारखीच नोंद करते आणि पुढच्या आज्ञेकडे वळते. एका आज्ञेसाठी आजच्या यंत्राला कित्येक आज्ञा पाळाव्या लागतात. तरीही सोंग मुळापेक्षा वेगाने चालते, कारण ३७०/१५५चा एक ठोका ११५ नॅनोसेकंदांचा होता आणि आजच्या साध्या संगणकाचा ठोका एका नॅनोसेकंदाहूनही लहान आहे.

बाकीचे सारेही असेच. कार्डांच्या गड्डीची जागा साध्या मजकुराची फाइल घेते, जिची प्रत्येक ओळ ऐंशी अक्षरांची. कपाटाएवढ्या तबकडीयंत्राची एक फाइल होते. छापखान्यासारखा खडखडाट करणारा प्रिंटर दुसऱ्या फाइलीत मुकाट ओळी लिहितो. त्या पिढीची ओएस/३६० ही कार्यप्रणाली आजही विनामूल्य मिळते आणि हर्क्युलीझवर चालते. तिला १९७० सालच्या फोर्ट्रानमधला कार्यक्रम दिला, की ती आपण एखाद्या विद्युत्‌सज्ज दालनात आहोत अशाच समजुतीने तो चालवते. सहाव्या स्तंभात चुकून पडलेल्या अक्षराबद्दल ती आजही तितकीच कठोर असते. फक्त उत्तरासाठी उद्यापर्यंत थांबावे लागत नाही. खिडकी नाही, रांग नाही, रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या विद्यार्थ्याने दाखवून दिलेली चूकही नाही. तेवढे या सोंगात येत नाही.

गंमत अशी की मद्रासला आलेले ते यंत्र स्वतःही बहुरूपी होते. इम्युलेटर हा शब्दच १९६०च्या दशकाच्या आरंभी आयबीएमच्या अभियंत्यांनी या अर्थाने रूढ केला. कंपनीची १४०१ ही यंत्रे जगभर खपली होती. नवे ३६० घराणे त्यांच्याशी मुळीच जुळणारे नव्हते. ग्राहकांनी आपले सारे कार्यक्रम नव्याने लिहावेत, हे होण्यासारखे नव्हते. तेवढ्यात १९६३च्या अखेरीस हनीवेल कंपनीने १४०१चे कार्यक्रम चालवू शकणारे यंत्र बाजारात आणले आणि आयबीएमचे धाबे दणाणले. मग नव्या यंत्रांतच जुन्या यंत्राचे सोंग घेण्याची सोय झाली, आणि तो वारसा पुढे ३७०/१५५कडेही आला. म्हणजे ही कला हौशी लोकांनी जुन्या खेळांसाठी शोधली हा समज खरा नाही. तिचा जन्म पगारपत्रके आणि मालाच्या याद्या वाचवण्यासाठी झाला.

खेळांकडे मात्र वळलेच पाहिजे, कारण सोंगाची खरी कसोटी तिथे लागते. पगारपत्रक थोडे आधी निघाले तर कोणाची तक्रार नसते. खेळ थोडा आधी संपला तर तो खेळच राहत नाही. १९९०च्या दशकात ज्यांनी शाळेच्या संगणक कक्षात लोगोच्या कासवाकडून चौकोन काढून घेतले आणि शिक्षकांची पाठ वळताच ‘डेव्ह’ किंवा ‘प्रिन्स’ सुरू केला, त्यांना त्या पेटीवरचे टर्बो नावाचे बटन आठवत असेल. ते दाबले की यंत्र जलद होई, सोडले की मुद्दाम मंद. मुद्दाम मंद कशासाठी? तर काही जुने खेळ यंत्राच्या ठोक्यालाच घड्याळ मानून लिहिलेले होते. जलद यंत्रावर त्यांतली पात्रे चेंडूसारखी उधळत. २००२ साली आलेल्या डॉसबॉक्स या इम्युलेटरात हेच बटन निराळ्या रूपात आहे. कंट्रोल आणि एफ११ दाबले की सोंगाचा वेग कमी होतो, एफ१२ने वाढतो.

याहून सूक्ष्म गोष्टी आहेत. तोमोहिरो निशिकादो यांचा १९७८चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा जपानी खेळ घ्यावा. त्यात पंचावन्न आक्रमक रांगा करून खाली उतरतात आणि त्यांची संख्या घटेल तसा त्यांचा वेग वाढतो. खेळणाऱ्याचे काळीज धडधडते ते त्यामुळे. हा वेग कोणी वेगळा ठरवून दिलेला नव्हता. त्या दुबळ्या यंत्राला पडद्याच्या एका फेरीत एकच आक्रमक सरकवणे जमे. पंचावन्न असताना प्रत्येकाची पाळी जवळजवळ सेकंदाने येई; एकच उरला की प्रत्येक फेरी त्याचीच. यंत्राचा दुबळेपणा हाच खेळाचा प्राण ठरला. सोंग घेणाऱ्याने तो दुबळेपणा जसाच्या तसा उतरवला नाही, तर पडद्यावर दिसेल तो दुसराच काही खेळ.

अशा दालनांतील खेळयंत्रांसाठी निकोला सालमोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७च्या फेब्रुवारीत ‘मेम’ हा इम्युलेटर प्रसिद्ध केला. जुन्या यंत्रांची अंतर्रचना नोंदवून ठेवणे हा त्याचा घोषित हेतू. खेळता येते हा आनुषंगिक लाभ. हे वाक्य अनेकांना लबाडीचे वाटते. पण मेमची मूळ संहिता उघडून पाहिली तर तिच्यात जवळजवळ प्रत्येक यंत्राच्या चिप, ठोके आणि जोडण्या नोंदलेल्या दिसतात, आणि मग ते वाक्य खरे मानावे लागते.

येथे कायद्याचा विषय टाळता येत नाही. इम्युलेटर लिहिणे वा वापरणे हा गुन्हा नव्हे; परंतु त्यात चालवायचा खेळ हा कोणाच्या तरी मालकीचा असतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या बावन्नाव्या कलमाने, ज्याच्याकडे आज्ञावलीची प्रत कायदेशीर रीतीने आली आहे त्याला ती नष्ट होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत करण्याची मुभा दिली आहे. ती कशी चालते याचा अभ्यास करण्याचीही. घरच्या जुन्या फ्लॉपीतला खेळ उतरवून ठेवणे आणि कोठून तरी हजार खेळांचे गाठोडे उचलून आणणे, यांत या कलमाने पुरेशी रेषा आखलेली आहे. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर अजूनही सुटे भाग, जुनी यंत्रे, तारा आणि जोडण्या मिळतात. ब्रह्मदेशातून परतलेल्या कुटुंबांनी उभारलेला बर्मा बाजार एके काळी परदेशी वस्तूंसाठी सर्वदूर ठाऊक होता. जुने यंत्र तिथे कदाचित सापडेलही. मात्र समुद्रकाठच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरते आणि यंत्रातील पत्रे गंजतात. खरे यंत्र जपणे हे थोरच काम आहे, पण ते कायमचे जपता येत नाही.

शाळांशी संबंधित एका यंत्राची हकीकत विशेष सांगण्याजोगी आहे. १९८४-८५ साली भारत सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक निवडला. बत्तीस किलोबाइट स्मृती, दोन मेगाहर्ट्‌झचा ठोका. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने परवान्याने त्याची भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने काढली. त्याच सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने ‘स्पेक्ट्रम प्लस’ हे दुसरे ब्रिटिश घरगुती यंत्र भारतात बनवले. ही दोन्ही यंत्रे आज इम्युलेटरवर चालतात. बीबीसी मायक्रोवरील १९८४चा ‘एलाइट’ हा खेळ पडदा रंगवला जात असतानाच मध्येच चित्राची पद्धत बदलतो. वर बारीक रेषांचे अवकाश, खाली रंगीत मापके. तो बदलाचा क्षण थोडा जरी चुकला तरी सोंग उघडे पडते.

याच बीबीसी मायक्रोवर आणखी एक सोंग रचले गेले. एकॉर्नच्या सोफी विल्सन यांनी एका नव्या प्रोसेसरच्या आज्ञा योजल्या होत्या. प्रोसेसर अजून कागदावरच होता. त्याच्या आज्ञा नीट बसतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी बीबीसी मायक्रोवर, बेसिक भाषेत, त्या न जन्मलेल्या प्रोसेसरचे सोंग लिहिले. १९८५च्या एप्रिलमध्ये खरी चिप हाती आली आणि चालली. तिचे नाव एआरएम. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये तिचाच वंश आहे. सोंग नेहमी मेलेल्याचेच घेतले जाते असे नाही.

चेन्नईतही ते झाले. आयआयटी मद्रासमध्ये व्ही. कामकोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘शक्ती’ हा भारतीय प्रोसेसर घडवण्याचा प्रकल्प हाती घेतला. अशा कामात चिप भट्टीतून निघण्यापूर्वी तिचे आज्ञावलीरूप कितीतरी वेळा चालवून पाहतात. एकदा सिलिकॉनवर उतरलेली चूक खोडता येत नाही. खिडकीत गड्डी देण्यापूर्वी दहा वेळा विचार करण्याचीच ही नवी रीत म्हणायची. २०१८ साली शक्तीची ‘रिमो’ ही चिप तयार झाली, आणि तिची घडण झाली मोहालीला, त्याच संस्थेत, जिने शाळांसाठी युनिकॉर्न काढला होता. मधल्या काळात, १९८९ साली, त्या कारखान्याला मोठी आग लागून तो उद्ध्वस्त झाला होता आणि पुन्हा उभा राहिला होता.

आता जे सोंग आणता येत नाही त्याविषयी. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. संगणकाच्या बाबतीत न आणता येणारे सोंग आहे ते विसरलेल्या माहितीचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चेन्नईत जन्मलेल्या आणि गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा संगणक बांधला गेला आणि १९६० साली तो सुरू झाला. चाळीस अंकस्थानांचे २,०४८ शब्द एवढी त्याची स्मृती. अशा यंत्राचे सोंग उभे करायला यंत्राची गरज नसते. पण त्याच्या प्रत्येक आज्ञेचे वर्णन आणि त्याच्यावर चाललेले कार्यक्रम लागतात. ती पुस्तके, त्या फिती जिथे रद्दीत जातात तिथे यंत्र दुसऱ्यांदा मरते.

तंजावरच्या सरस्वती महालात मोडी लिपीतील मराठी कागदांचे रुमाल आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. त्याच तंजावरात बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास मात्र दगडातच असल्यामुळे समोर उभे राहून वाचता येतो. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही शाळेचे दप्तर असेच दोन प्रकारचे असते. जुन्या हजेऱ्या, टाकाने लिहिलेले इतिवृत्त, खिळ्यांवर छापलेले वार्षिक अंक आजही सहज उघडून वाचता येतात. अडचण १९९० ते २००५च्या सुमाराच्या कागदपत्रांची आहे, कारण ती कागदपत्रे नाहीतच. त्या फायली आहेत.

त्या काळी डॉसवर मराठी उमटवायचे तर सी-डॅकचे जिस्ट नावाचे कार्ड संगणकात बसवीत. देवनागरीचे आकार ते कार्ड पुरवी. डॉसबॉक्ससारख्या सर्वसामान्य इम्युलेटरात त्या कार्डाचे सोंग नसते. म्हणून जुनी फाइल उघडली तर अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. ती फाइल इस्की या मानकात साठवली असेल तर सुदैव, कारण १९९१ साली ते मानक छापून प्रसिद्ध झालेले आहे आणि त्यावरून युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. त्यानंतरच्या विंडोजवरील अनेक मराठी फाँटांची गोष्ट निराळी. त्यांत अक्षर नव्हे, अक्षराचे तुकडे साठवले जात, आणि तेही दिसतील त्या क्रमाने. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, ‘क’ मागून. प्रत्येक कंपनीचे तुकडे वेगळे, कधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचेही. कोणता फाँट होता हे ठाऊक असेल तर तक्ता करून सारे परत मिळवता येते. ठाऊक नसेल तर विंडोज ९५चे हुबेहूब सोंग उभे करूनही पडद्यावर त्याच निरर्थक खुणा येतात.

म्हणून शाळेच्या कपाटातील फ्लॉप्यांचे काम करायचे तर त्याचा क्रम ठरलेला आहे. साडेतीन इंचीसाठी यूएसबीला जोडायचा वाचक अजून मिळतो. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह आणि त्याला आजच्या संगणकाशी जोडणारे निराळे कार्ड शोधावे लागते. फ्लॉपीवर बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर ती ड्राइव्हमध्ये घालायची नाही. एका फ्लॉपीची बुरशी ड्राइव्हच्या शिराला लागते आणि मागून येणाऱ्या साऱ्या खरवडते. आधी संपूर्ण फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत करायची, एकेका फाइलीची नव्हे. मूळ लेबलाचे छायाचित्र सोबत ठेवायचे. आणि त्या वर्षांत शाळेच्या कार्यालयात टंकलेखन कोण करीत असे, अंक कोणत्या छापखान्यात जुळवला जाई, हे शोधून त्या व्यक्तीला भेटायचे. फाँटाचे नाव बहुधा तिच्याच लक्षात असते. ती निवृत्त झालेली असते, काही वेळा गाव सोडून मुलाकडे पुण्याला किंवा चेन्नईला गेलेली असते. पण दूरध्वनीवर विचारले तर अजून सांगते.